दूध उतरण्याआधीचे तीन दिवस

आपल्याकडे गाय-म्हैस व्याली की साऱ्या आळीला वर्दी लागते. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक शेजारीपाजारी वाटला जातो, गूळ-वेलदोडा घालून त्याचा खरवस वाफवला जातो, आणि ‘आमच्याकडे चीक आलाय’ हे वाक्य फराळाच्या आमंत्रणाइतक्याच अभिमानाने उच्चारले जाते. त्याच घरात सून बाळंत झाली म्हणजे मात्र तिचा चीक पिवळा, चिकट, बाळाला जड असा ठरून पुष्कळ ठिकाणी पिळून टाकला जाई. वासराच्या वाटणीचा चीक माणसांनी मिटक्या मारीत खायचा आणि माणसाच्या लेकराच्या वाटणीचा मोरीत जाऊ द्यायचा, अशी ही तऱ्हा! आणि मग खरे दूध उतरेपर्यंत त्या लेकराच्या जिभेवर मधाचे बोट.

चीक, मध आणि दूध या तिघांच्या गोष्टीत एक चौथे पात्र आहे. ते म्हणजे आईच्या रक्तातली साखर. एरवी धडधाकट असलेल्या बाईला गरोदरपणीच मधुमेह होतो आणि बाळंतपण आटोपले की तो बहुधा नाहीसाही होतो. पण मधल्या काळात तो आई आणि मूल यांच्यामध्ये येऊन बसतो, आणि त्याचा पहिला फटका पुष्कळदा बाळाच्या दुधाला बसतो. अशा आईने मुलाला अंगावर पाजावे की नाही, पाजले तर केव्हा, आणि दूध लवकर उतरलेच नाही तर काय करावे, याविषयी वैद्यकाची मते दोनशे वर्षांत कशी पालटत गेली, त्याची ही हकिकत आहे. ती बर्लिन, प्राग, कोपनहेगन, बोस्टन अशी दूरदूरची गावे हिंडते. पण तिची सुरुवात आपल्याच ओसरीवरून करता येते.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटले आहे की, बाळंतिणीच्या हृदयाशी असलेल्या वाहिन्या मोकळ्या होऊन तीन किंवा चार रात्रींनी दूध वाहू लागते. तोवर बाळाला मध आणि तूप द्यावे. तीन-चार रात्रींचे हे निरीक्षण इतके नेमके आहे की आजच्या पुस्तकांतही जवळजवळ तेच सापडते. घोटाळा झाला तो निरीक्षणात नव्हे, त्यावरून काढलेल्या अर्थात. दूध आले नाही म्हणजे काहीच आले नाही, असे धरले गेले आणि चीक हिशेबाबाहेर राहिला. चरकसंहिता या बाबतीत अधिक धोरणी दिसते. मध-तुपाचा संस्कार झाला की बाळाला आधी आईचे उजवे स्तन द्यावे, असे तीत सांगितले आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या व्यवहारात मात्र मधाचे बोट राहिले आणि उजवे स्तन मागे पडले.

मधुमेहही या ग्रंथकारांना चांगला ठाऊक होता. रोग्याच्या मूत्राला मुंग्या लागतात ही खूण त्यांनी नोंदवली आहे. चरकात तर एक विधान आपल्या विषयाच्या अगदी उंबऱ्यावर येऊन थांबते. गर्भिणी नित्य गोडच खात राहिली तर तिचे मूल प्रमेही, मुके किंवा अतिस्थूल निपजते, असे ते विधान. मुकेपणाचे सोडून देऊ. पण आईच्या गरोदरपणातल्या साखरेचा मुलाच्या लठ्ठपणाशी आणि त्याच्या पुढच्या मधुमेहाशी संबंध असतो, हे विसाव्या शतकाने फिरून सिद्ध केले. मात्र या विधानाने सारा दोष बाईच्या जिभेवर ठेवला, आणि तो तिथून आजतागायत पुरता उतरलेला नाही.

आता बर्लिनला जाऊ. १८२३ साली तिथल्या रुग्णालयात बावीस वर्षांची एक गरीब बाई दाखल झाली. तिची पाचवी खेप होती. तहान अशी की घागरी रित्या व्हाव्यात, आणि लघवीत साखर. तिला मूल झाले ते बारा पौंडांचे. पण ते जन्मताना दगावले. आणि नवल असे की, बाळंतपणानंतर काही दिवसांतच बाईची तहान शमली व लघवीतली साखर नाहीशी झाली. हाइनरिश बेनेविट्झ नावाच्या तरुण डॉक्टराने यावर लॅटिन भाषेत प्रबंध लिहून १८२४ मध्ये पदवी मिळवली. हा मधुमेह गर्भारपणाचेच एक लक्षण आहे, असे त्याचे म्हणणे. वैद्यकाच्या इतिहासात गरोदरपणातल्या मधुमेहाची ही पहिली नोंद मानतात. तिच्या दुधाचा प्रश्नच आला नाही. पाजायला मूल उरलेच नव्हते.

दुधाचा प्रश्न पुढे आला तो पॅरिसमध्ये, आणि तोही उफराट्या वाटेने. १८५६ साली इपोलीत ब्लो या फ्रेंच डॉक्टराने जाहीर केले की, अंगावर पाजणाऱ्या बायकांच्या लघवीत साखर सापडते, आणि ती रोगाची नव्हे, निसर्गाची खूण आहे. मोठी खळबळ उडाली. कारण साखर दिसली की मधुमेह, एवढेच समीकरण त्या काळच्या वैद्यांना ठाऊक होते. मग लेकुरवाळ्या सगळ्याच मधुमेही की काय? वीस वर्षे हा वाद चालला. अखेर १८७७ मध्ये प्रागच्या फ्रान्झ होफमाइस्टर या रसायनवेत्त्याने ती साखर शुद्ध स्वरूपात वेगळी काढून दाखवले की, ती मधुमेहातली द्राक्षशर्करा नव्हेच. ती दुग्धशर्करा आहे. स्तनात तयार झालेली दुधाची साखर थोडीशी रक्तात झिरपते आणि लघवीवाटे बाहेर पडते, इतकेच. जिला रोगाची खूण समजत होते ती दुधाच्या आगमनाची दवंडी होती! ही दुग्धशर्करा वाचकांनी लक्षात ठेवावी. शंभर वर्षांनी ती पुन्हा साक्षीला येणार आहे.

पण खरोखरीच्या मधुमेही बायकांची त्या काळची कहाणी ऐकवत नाही. मधुमेहाने पुष्कळ जणींची पाळीच बंद होई, आणि दिवस गेलेच तर जिवावर बेते. १८८२ मध्ये लंडनच्या मॅथ्यूज डंकन याने अशा २२ गर्भारपणांची हकिकत प्रसूतिवैद्यांच्या सभेपुढे मांडली. तीत मेलेल्या मुलांची आणि मेलेल्या आयांची गणती वाचताना आजही अंगावर काटा येतो. हा काळोख फिटला तो १९२२ च्या जानेवारीत, टोरांटोमध्ये इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन एका चौदा वर्षांच्या मुलाला दिले गेले तेव्हा. दोनच वर्षांनी, १९२४ मध्ये, बोस्टनच्या डॉ. जॉस्लिन यांच्या दवाखान्यात प्रिसिला व्हाइट नावाची एक तरुण डॉक्टरीण रुजू झाली. मधुमेही बाईला जिवंत मूल हातात देणे हेच तिने आयुष्याचे काम केले. १९७४ मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या देखरेखीखालच्या दहांतली नऊ मुले जगत होती. एका आयुष्यात याहून अधिक काय करावे!

मुले जगू लागली तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला. आईची साखर चढलेली, मग बाळाची जन्मल्यावर उतरते का? याचे उत्तर कोपनहेगनच्या यॉर्गेन पेडरसन यांनी १९५२ मध्ये दिले, आणि ते इतके सोपे आहे की शाळेच्या फळ्यावर मांडता यावे. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते. आईचे इन्सुलिन जात नाही. तेव्हा आलेली जादा साखर आवरण्यासाठी बाळाचे इवलेसे स्वादुपिंडच जादा इन्सुलिन करू लागते, आणि त्या दोघांच्या बळावर बाळ थोराड होते. बर्लिनच्या बारा पौंडांचे कोडे इथे सुटले. मग नाळ कापली जाते. साखरेचा ओघ एका क्षणात तुटतो, पण इन्सुलिन तर अंगात भरलेलेच असते. परिणामी जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच बाळाची साखर झपाट्याने खाली येते. ती फार उतरली तर झटके येतात, मेंदूला इजा होते.

डॉक्टरांना वाटणारी धास्ती खोटी नव्हती, हे म्हणूनच आधी कबूल केले पाहिजे. पण त्या धास्तीपोटी जे केले गेले त्याचा हिशेब निराळा आहे. त्या काळी पुष्कळ रुग्णालयांत असे बाळ जन्मताच आईपासून उचलून वेगळ्या खोलीत नेत. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना, दूध श्वासनळीत जाईल या भीतीने, दिवस दिवस उपाशी ठेवण्याची रीत होती, आणि मधुमेही आयांची मुले तर पुष्कळदा दिवस भरण्याआधीच जन्माला घातली जात. जिची साखर उतरणार हे ठाऊक, तिलाच उपाशी ठेवायचे! ही रीत मोडायला १९६४ साल उजाडावे लागले. ऑक्सफर्डच्या व्हिक्टोरिया स्मॉलपीस आणि पामेला डेव्हिस या दोन डॉक्टरणींनी अपुऱ्या दिवसांच्या मुलांना जन्मल्यावर दोन तासांच्या आत, पाणी न घालता, निव्वळ मानवी दूध द्यायला सुरुवात केली. मुलांची साखर सावरली, कावीळ कमी झाली. घराघरांतल्या आज्यांनाही हे सांगून पटले असते. वैद्यकाला पटायला छापील आकडे लागले.

मी या जुन्या हकिकतींच्या मागे का लागले, ते इथे सांगायला हरकत नाही. मी शाळेत शिकवते. माझी एक जुनी विद्यार्थिनी दुसऱ्यांदा दिवस राहिल्यावर भेटायला आली. पहिल्या खेपेला तिला गरोदरपणी साखर निघाली होती. बाळाला जन्मताच आतल्या खोलीत नेले, आणि तिसऱ्या दिवशी ते आईच्या कुशीत आले तेव्हा बाटलीला सरावलेले होते.

“बाई,” ती म्हणाली, “सासूबाई म्हणाल्या, साखर होती म्हणून हिचं दूधच आटलं. आई म्हणाली, डिंकाचे लाडू नीट खाल्ले नाहीस. आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, बरंच झालं, मधुमेहाचं दूध बाळाला बाधलं असतं. माझं काय चुकलं, ते सांगा ना.”

तिचे काही चुकले नव्हते, असे मला वाटत होते. पण वाटणे निराळे आणि खात्रीने सांगता येणे निराळे. तिचे तिन्ही प्रश्न मी वहीत लिहून घेतले आणि उत्तरे धुंडाळू लागले. ती ज्या क्रमाने सापडली त्या क्रमाने देते.

साखर होती म्हणून दूध आटले का? आटले नाही, उशिरा उतरले. हे समजण्यासाठी वारेकडे वळावे लागते. गरोदरपणी वार स्वतःचे काही रस आईच्या रक्तात सोडते. ते इन्सुलिनच्या कामाला अडसर घालतात, म्हणजे आईच्या रक्तात साखर थोडी अधिक राहते आणि बाळाला कमी पडत नाही. बहुतेक बायकांचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन करून ही भर काढते. काहींचे अपुरे पडते, आणि त्यांना आपण मधुमेह झाला म्हणतो. तेव्हा या आजाराचे मूळ डोहाळे पुरवण्यात नाही, वारेत आणि अंगच्या घडणीत आहे. याच वारेचा दुसरा एक रस दुधाला बांध घालून ठेवतो. वार पडली की दोन्ही अडसर एकदमच निघतात. साखर उतरू लागते आणि दुधाचा बांध फुटतो. एकाच घटनेने रोग ओसरावा आणि पान्हा फुटावा, अशी ही योजना आहे. मात्र दूध तयार करणाऱ्या पेशींनाही इन्सुलिन लागते, आणि ज्या अंगाने महिनोन्‌महिने इन्सुलिनला दाद दिली नाही ते एका रात्रीत वळणावर येत नाही. म्हणून दूध मागे राहते.

किती मागे राहते, ते ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या पीटर हार्टमन यांच्या प्रयोगशाळेतून १९८९ मध्ये कळले. पीटर आर्थर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोज इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही बायकांच्या आणि निरोगी बायकांच्या पहिल्या दिवसांतल्या दुधाचे थेंब तपासले. दूध खरोखर उतरले हे ओळखायचे कशावरून? त्यातली दुग्धशर्करा वाढली यावरून. ज्या साखरेने ब्लोच्या काळी वैद्यांची दिशाभूल केली, तीच आता घड्याळाच्या काट्यासारखी कामी आली. मधुमेही बायकांत तो काटा सुमारे एक दिवस मागे निघाला. एक दिवस, फक्त एक दिवस! गरोदरपणापुरता मधुमेह झालेल्या बायकांतही दूध उतरायला असा उशीर होण्याचे प्रमाण जास्त आढळते. सुश्रुताच्या तीन-चार रात्रींत एखाद्या रात्रीची भर पडते, इतकाच अर्थ. पण त्या एका जादा रात्री बाळ रडते, घरातले घाबरतात, बाटली येते, बाळ चोखेनासे होते, आणि चोखले नाही म्हणून दूध खरोखरच कमी होते. मग सगळे म्हणतात, बघा, आम्ही म्हणतच होतो.

डिंकाच्या लाडवांचे काय? लाडू, अळिवाची खीर, शेपा, बाळंतकाढा यांमागे बाळंतिणीला चार घास जास्त मिळावेत, तिला विसावा मिळावा, ही माया आहे, आणि ती मायाच खरी गुणकारी. पण दूध उतरते ते लाडवाने नव्हे, बाळाच्या ओठांनी. जितके स्तन रिकामे होतील तितके ते भरतात. जिला नुकताच मधुमेह होऊन गेला तिच्यापुढे गूळ-तुपाचे लाडू रोज चार-चार ठेवणे तर बरे नव्हे. अळीव ताकात किंवा दुधात घालून, मेथी भाजीत घालून तिची हौस पुरवता येते. पहिल्या दिवशी बाळाला तरी हवे असते किती? एका वेळी चमचा-दोन चमचे. आईचा चीक बहुधा तेवढाच येतो, आणि तेवढा पुरतो. निसर्गाने मापात माप घालून ठेवले आहे. आपल्याला वाटी भरलेली पाहायची सवय, म्हणून ते थोडे दिसते.

आणि मधुमेहाचे दूध बाधते का? या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत अधिक आनंद देऊन गेले. बाधत तर नाहीच; इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्या आईनेही निर्धास्तपणे पाजावे. उलट पाजण्याने आईचेच भले होते. शंभर मिलिलिटर दुधात सुमारे सात ग्रॅम दुग्धशर्करा असते. पुरते दूध उतरलेली आई दिवसाला पाऊण लिटरभर दूध देते. म्हणजे रोज पन्नास ग्रॅमांहून जास्त साखर, चहाचे दहा-बारा चमचे, तिच्या रक्तातून उचलून बाळाच्या पोटात जाते. बाकीच्या अंगाला साखर उचलण्यासाठी इन्सुलिनची मनधरणी करावी लागते. दूध करणारी पेशी ती बरीचशी आपल्या हिमतीवर ओढून घेते. पाजणे हा अशा बाईचा बसल्या जागी होणारा व्यायामच म्हणा ना.

याला आकड्यांचा आधार आहे. १९९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिरी क्योस यांनी, गरोदरपणी मधुमेह झालेल्या लॅटिन अमेरिकन वंशाच्या ८०९ बायका बाळंतपणानंतर चार ते बारा आठवड्यांनी तपासल्या. न पाजणाऱ्यांत शेकडा ९.४ जणींना मधुमेह कायम होता. पाजणाऱ्यांत शेकडा ४.२. पुढे उत्तर कॅलिफोर्नियात एरिका गंडरसन यांनी अशा १०३५ आयांवर दोन वर्षे नजर ठेवली. तो अहवाल २०१५ मध्ये आला. ज्यांनी जास्त दिवस आणि वरचे दूध न देता पाजले त्यांच्यात पुढे मधुमेह होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे निघाले. आता, ज्यांना मुळातच प्रकृतीची साथ कमी त्यांना पाजणेही अवघड जाते, तेव्हा सारे श्रेय दुधाला देऊ नये, असे जाणकार सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण पारडे कोणत्या बाजूला झुकते याविषयी आता फारसा वाद नाही.

पाजावे हे ठरले, तरी पहिल्या काही तासांत बाळाची उतरणारी साखर थोपवायची कशी, हा पेडरसन यांचा प्रश्न उरतोच. त्याची दोन सुंदर उत्तरे या शतकात मिळाली, आणि दोन्ही दक्षिण गोलार्धातून. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन गावी डेबोरा हॅरिस, जेन हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर उतरलेल्या २३७ बाळांवर एक प्रयोग केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. द्राक्षशर्करेचा मऊ लेप बाळाच्या गालाला आतून चोळायचा आणि लगेच आईकडे पाजायला द्यायचे. निम्म्या बाळांना हा लेप लावला, निम्म्यांना बिनसाखरेचा. लेप लावलेल्यांची साखर अधिक वेळा सावरली, आईपासून दूर न्यावी लागणारी बाळे कमी झाली, आणि दोन आठवड्यांनी पाहता डब्याचे दूध घेणारीही कमी निघाली.

हे वाचले तेव्हा मला आजीच्या मधाच्या बोटाची आठवण झाली. बोट तेच, गोडी तीच. फरक एवढाच की तिथे बोटानंतर तीन दिवस वाट पाहायची आणि इथे बोटानंतर लगेच स्तन. चरकाने सांगितलेला क्रम असा न्यूझीलंडवरून परत आला. पण म्हणून कोणी घरी मध चाटवू नये. मधात असणाऱ्या एका जंतूच्या बीजांपासून तान्ह्या मुलांना अंग लुळे पाडणारा आजार होतो, हे १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात उघडकीला आले. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, हे तेव्हापासून ठरले आहे. लेपसुद्धा बाळाच्या टाचेतला रक्ताचा थेंब तपासून, दवाखान्यातच लावायचा.

दुसरे उत्तर मेलबर्नचे. तिथे डेला फॉर्स्टर यांच्या पुढाकाराने ६३५ मधुमेही गर्भवतींवर प्रयोग झाला; तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींनी ३६ आठवडे भरल्यावर दिवसातून दोनदा हाताने थोडा थोडा चीक काढून गोठवून ठेवायचा, म्हणजे बाळाला गरज लागली तर डब्याऐवजी तोच देता येईल. यामुळे कळा लवकर येतील, बाळाला धोका होईल, अशी भीती होती. तसे काही झाले नाही. चीक साठवणाऱ्या आयांच्या अधिक बाळांना पहिल्या चोवीस तासांत निव्वळ आईचेच दूध मिळाले. तीन महिन्यांनंतर मात्र दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक राहिला नाही. ज्यांना दुसरी काही जोखीम नव्हती अशाच बायका त्यात घेतल्या होत्या, म्हणून हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पण जो चीक आपण मोरीत ओतत होतो तो तिकडे थेंब थेंब जपून बर्फात ठेवू लागले, यातला बोध कुणालाही कळण्यासारखा आहे.

आपल्या मुलखात हा प्रश्न किती निकडीचा आहे, ते पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामावरून दिसते. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती आणि त्यांची मुले यांचा पिढीभर मागोवा घेतला. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, दिसायला किरकोळ. पण वजनाच्या मानाने अंगात चरबी जास्त, असे त्यांनी २००३ मध्ये दाखवले. काटकुळ्या दिसणाऱ्या आपल्या बाईला मधुमेह व्हायला म्हणूनच लठ्ठपणाची वाट पाहावी लागत नाही. चेन्नईच्या डॉ. शेषय्या यांनी तपासणीची सोपी रीत रुजवली. पोट भरलेले असो वा रिकामे, ७५ ग्रॅम द्राक्षशर्करा पाण्यातून द्यायची आणि दोन तासांनी रक्त पाहायचे. १४० किंवा त्याहून अधिक आकडा आला तर मधुमेह. खेड्यातून दोन तासांची पायपीट करून आलेल्या बाईला ‘उद्या उपाशी ये’ असे सांगावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण. केंद्र सरकारने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकांत हीच रीत घेतली आहे.

आणि ज्या आईचे दूध खरोखरच मागे राहिले तिच्या बाळासाठी? मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. एका आईचे जादा दूध तपासून, तापवून, दुसरीच्या बाळाला द्यायचे. जुन्या काळी शेजारची लेकुरवाळी परक्या पोराला घटकाभर पदराखाली घेई, त्याच शेजारधर्माला इथे शास्त्राचे आवरण मिळाले. डब्याच्या दुधाची जाहिरात करायला मनाई करणारा कायदाही आपल्याकडे १९९२ मध्ये झाला. मात्र औषध म्हणून डबा खरोखरच लागला तर तो देण्यात कमीपणा नाही. बाळाची साखर सावरणे पहिले, बाकी सारे मागाहून.

हे सारे मी माझ्या विद्यार्थिनीला सांगितले. पण तिला सांगून काम भागत नाही, हे सांगता सांगताच ध्यानात आले. बाळंतीण त्या तीन दिवसांत थकलेली, टाक्यांनी दुखावलेली, अर्धवट झोपेत असते. तिच्या वतीने बोलायचे ते घरच्यांनी. बाळ ठीक असेल तर तासाभरात आईच्या उघड्या छातीशी द्या, असे म्हणायचे ते नवऱ्याने. दर दोन-तीन तासांनी बाळाला जागे करून पाजवायचे, चोखत नसेल तर चमच्यावर चीक काढून द्यायला मदत करायची, ती आईने किंवा सासूने. आणि चौथ्या दिवसापर्यंत ‘हिच्या अंगावर दूध नाही’ हे वाक्य त्या खोलीत उच्चारायचे नाही, एवढे पथ्य पाहुण्यांनी पाळले तरी डिंकाच्या शंभर लाडवांचे काम होईल.

एक गोष्ट राहिली. बोस्टनच्या जॉन ओसलिव्हन आणि क्लेअर महान यांनी १९६४ मध्ये, ७५२ गर्भवतींच्या तपासणीवरून, गरोदरपणातला मधुमेह ठरवण्याचे आकडे बांधले. ते बांधताना त्यांनी प्रश्न विचारला होता तो बाळाविषयी नव्हे. यांपैकी कोणत्या बाईला पुढे आयुष्यात मधुमेह होईल, हा होता. म्हणजे ही तपासणी जन्मली तीच आईसाठी. आपल्याकडे मात्र बारसे झाले, पेढे वाटले की आईची साखर सगळे विसरून जातात. सहा आठवड्यांनी बाळाला लस टोचायला नेतात, त्याच दिवशी, त्याच दवाखान्यात, आईनेही तो ७५ ग्रॅमांचा पेला घ्यायचा असतो, आणि पुढेही ठरावीक मुदतीने रक्त तपासत राहायचे असते. बाळाचा लसीचा कागद जपून ठेवणाऱ्या घराने त्याच्यामागे आईचाही एक कागद टाचून ठेवावा.